हाक आणि ओ

तात्यांची हाक ठाऊक नाही असं घर त्या आळीत नव्हतं. ओटीवर उभं राहून ते "अप्पाऽऽ" म्हणाले की ती हाक आगर ओलांडून, विहिरीवरून, खालच्या घराच्या कौलांवरून थेट सुरूच्या बनात जायची. थट्टेनं लोक म्हणत, वारा बरा असला तर व्याडेश्वराच्या देवळातही ऐकू येते. गाय सुटली, पंगत बसायची आहे, पाडेली आला आहे, कुठल्याही कामाला तो आवाज उपयोगी पडे. हाक मारून झाली की तात्या आत वळत. खालून कुणी ओ दिली का, हे थांबून ऐकायची त्यांना सवय नव्हती. दिलेली ओ वर पोचायचीही नाही. समुद्राची गाज, झावळ्यांची सळसळ आणि मधल्या चिरेबंदी भिंती यांत ती कुठेतरी जिरून जाई.

गुहागरातली आगरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या जागेची ठेवण सांगायला नको. रुंदीला बेताची आणि लांबीला भरमसाट. रस्त्याला लागून तात्यांचं थोरलं घर. त्यामागे माड, पोफळी, मधूनमधून जायफळ आणि केळी. आगराच्या मध्यावर धाकट्या भावाचं, अप्पांचं, खालचं घर. आगर संपतं तिथं, सुरूच्या अलीकडे, पाहुण्यांसाठी बांधलेल्या एकमेकींना लागून दोन खोल्या. आणि उत्तरेच्या गडग्याजवळ आंब्याच्या पेट्या भरायची शेड. सातबारा एक, छपरं पाच. थोरल्या घरापासून खालचं घर साठेक मीटर, खोल्या दीडशेच्या आसपास.

गावातल्या केबलवाल्यानं फायबरचं कनेक्शन दिलं ते अर्थातच थोरल्या घरात. डबा ओटीवरच्या कोनाड्यात बसला. ओटीवर शंभर एमबीपीएसचा वेग मिळे, तात्या झोपाळ्यावर बसून क्रिकेट बघत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वेग मोजून दाखवत. खालच्या घरात विहिरीच्या कठड्यापाशी गेलं तर व्हॉट्सॲपवर मजकूर जाई, फोटो जात नसे. खोल्यांमध्ये काहीच नाही.

त्या खोल्या अप्पांची सून चालवायची. नवरा लोट्याच्या कारखान्यात, शनिवारी येणारा. बुकिंग घेणं, मोदक-सोलकढीचं बघणं, चादरी धुणं, सगळं तिचंच. पाहुणे पुण्या-मुंबईचे. त्यांना समुद्र हवा असतो आणि सोमवारी सकाळची मीटिंगही हवी असते. पैसे द्यायची वेळ आली की पाहुणा फोन उंच धरून पुळणीकडे चालू लागे आणि ही त्याच्या मागे. तिनं गणपतीत तात्यांना सांगितलं होतं, "तात्या, खोल्यांवर नेट पोचत नाही." तात्या म्हणाले होते, "बघतो."

आणि त्यांनी खरंच बघितलं. तात्या कंजूष नव्हते, हे सांगायला हवं. नातवाला पुण्यात फोन करून त्यांनी दुकानातला सगळ्यात ताकदवान राउटर मागवला. सहा अँटेनांचा, काळाभोर. तो कोनाड्यात मावेना म्हणून ओटीच्या तुळईला टांगला. संध्याकाळी तात्यांनी वरून विचारलं, "कांड्या दिसतात का रेऽऽ?" खालच्या पडवीत फोनवर सिग्नलच्या कांड्या दिसत होत्या, पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या तेवढ्या. अप्पांनी ओरडून "दिसतात" म्हटलं आणि ते वर ऐकू गेलं नाही, पण तात्यांनी ते गृहीत धरलं होतं. कांड्या दिसत होत्या आणि पान उघडत नव्हतं. नुसतं चक्र फिरत राही. हे सांगायला साठ मीटर चढून कोण जाणार? आणि गेलं तर काय म्हणणार? एवढा महागाचा डबा आणला आहे, कांड्याही आल्या आहेत.

दिवाळीत सुनेनं पुन्हा सांगितलं. मग विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत रिपीटर लागला. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर चालतो. वरचं ऐकायचं आणि तेच खाली सांगायचं, दोन्ही एकाच चॅनेलवर. ऐकताना बोलता येत नाही, बोलताना ऐकता येत नाही, त्यामुळे वेग तिथंच निम्मा होतो. तरी उन्हाळाभर काम भागलं. जूनमध्ये पाऊस लागला आणि तेही गेलं. जांभा सच्छिद्र दगड, पावसाळाभर पाणी पितो; पोफळींची पानं ओलीचिंब; आणि वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपाशी लवकर दमतात, २.४ च्या जरा पुढे जातात, पण ओल्या आगरातून दीडशे मीटर जायचं म्हणजे दोघींनाही जड. कोकणात मे महिन्यात चाललेल्या वायफायचं कौतुक करू नये. जुलैत चालतं का ते बघावं.

त्यानंतर वायरमन आला. त्यानं सरळ उपाय केला: निळी लॅन केबल घेतली आणि माडावरून माडावर बांधत खाली नेली. खालच्या घरापर्यंत ती उत्तम चालली. पुढे खोल्यांपर्यंत तशीच वाढवली तेव्हा एकूण लांबी शंभर मीटरच्या पुढे गेली, आणि तांब्याच्या या केबलची मर्यादा शंभर मीटरचीच ठरलेली आहे. खोल्यांवर कधी चालू, कधी बंद. पण खालच्या घरात आनंद होता. अप्पांनी पहिल्यांदाच घरात बसून अमेरिकेतल्या पुतणीशी चेहरा बघून बोलणं केलं.

आमच्याकडे विजांचा खरा खेळ भर पावसात नसतो. तो आधी वळवाच्या वेळी आणि नंतर परतीच्या पावसात. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी शेजारच्या आगरातल्या माडावर वीज पडली. तात्यांच्या जागेत काही पडलं नाही, तरी ओटीवरचा सहा अँटेनांचा राउटर, खालच्या घरातला डबा आणि अप्पांचा टीव्ही एका क्षणात गेले. दोन घरांची अर्थिंग वेगवेगळी, मध्ये उघड्यावर टांगलेली तांब्याची लांब तार. जवळ वीज पडली की अशा तारेत दाब उसळतो आणि तार जिथं संपते तिथलं यंत्र जाळतो. तात्या म्हणाले, "आकाशातली वीज. आपल्या हातात काय आहे?" वायरमननंही मान हलवली. खरं तर ती तार लावणं त्याच्याच हातात होतं.

केबलवाल्यानं या वेळी आपल्या मुलीला पाठवलं. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून शिकून आलेली. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पायात रबरी चपला. तात्यांनी तिला ओटीवर बसवलं, जळलेला राउटर पुढे ठेवला आणि याहून ताकदवान कोणता येतो ते विचारलं. तिनं तो डबा हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाली, "तात्या, सगळ्यात लांब कोण राहतं?"

"खोल्या. पण तिथं पाहुणे असतात."

"मग आधी तिकडे जाते."

ती गेली आणि तास झाला तरी आली नाही. अखेर तात्या स्वतः खाली उतरले. खालचं घर ओलांडून खोल्यांपर्यंत ते बऱ्याच महिन्यांनी आले असावेत. मुलगी पायरीवर बसून सुनेला विचारत होती: पाहुणे कुठं बसतात, लॅपटॉप कुठं उघडतात, रात्री किती जण असतात, वीज किती वेळा जाते. अप्पा बाजूला सुपारी कातरत बसले होते. या सगळ्या उद्योगात सुनेला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिनं आपला एक जुना राउटर वर ओटीवर लावून ठेवला होता. फोनवर आकडा दाखवत ती म्हणाली, "हे बघा तात्या. वरचा डबा इथं उणे ७४ वर ऐकू येतोय. उणे पन्नास म्हणजे छान, सत्तरपर्यंत काम चालतं, ऐंशीच्या पुढे सोडून द्यायचं. म्हणजे चौऱ्याहत्तर कसंबसं का होईना, पण आहे."

"मग चालत का नाही?"

तिनं लॅपटॉप वळवला. "हा वरच्या डब्याचा आकडा. त्याला हा फोन किती ऐकू येतोय? उणे ८९. तुमचा डबा भिंतीला टांगलेला, वीज खातो, मोठ्यानं बोलतो. फोन खिशातल्या बॅटरीवर चालतो, तो हळू बोलतो. कांड्या दिसतात त्या फोनला डबा किती ऐकू येतो त्याच्या. डब्याला फोन ऐकू येतो का, हे त्यात कुठंच दिसत नाही. आणि पान उघडायचं तर आधी फोननं मागावं लागतं, मिळालं की मिळालं म्हणून सांगावं लागतं. ते सांगणं वर पोचलं नाही तर वरचा तेच तेच पुन्हा बोलत राहतो." जरा थांबून ती म्हणाली, "तुमची हाक येते तात्या. यांची ओ जात नाही."

अप्पांचा अडकित्ता थांबला. सून एकदम चादरींच्या घड्या घालू लागली. त्या मुलीला आपण काय बोलून गेलो याची कल्पना होती की नव्हती, सांगता येत नाही. मला वाटतं, नव्हती. ती राउटरबद्दलच बोलत होती.

तात्या म्हणाले, "एवढं होतं तर मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," सून घडीवरून नजर न उचलता म्हणाली. "गणपतीत सांगितलं. दिवाळीत सांगितलं. शिमग्याला पाहुणे पैसे न देता गेले, तेव्हा आईंनाही सांगितलं." यावर तात्या काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ती एक दुर्मीळ गोष्ट असावी.

त्यांची समजूत पटली असं मात्र नाही. वर आल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं की आणखी मोठा डबा आणला तर? मुलीनं सांगितलं की परवान्याशिवाय वापरायच्या या लहरींना सरकारनं ताकदीची मर्यादा घालून दिली आहे, २.४ गिगाहर्ट्झमध्ये अँटेना धरून ४ वॉट. आणि मर्यादा नसती तरी डबा मोठ्यानं बोलल्यामुळे फोनचा आवाज वाढत नाही. मग अँटेना छपरावर समोरासमोर लावून हवेतूनच नेलं तर? ते होतं, ती म्हणाली, चांगलंही चालतं, पण दोन छपरांना एकमेकांचं तोंड दिसायला हवं आणि त्या रेषेभोवती चारही बाजूंनी मीटरभर मोकळीक हवी. आगरात ती मिळवायची तर माड तोडायला लागतील. माड तोडायची भाषा निघताच तात्यांनी विषय बदलला.

उपाय साधाच होता, फक्त दिसायला त्यात काही भव्य नव्हतं. प्रत्येक घरात एक लहान डबा, आणि त्या डब्यांपर्यंत जमिनीतून फायबर. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन घरांची अर्थिंग वेगळी असो की शेजारी वीज पडो, काचेला त्याचं काही नाही. शंभर मीटरची अटही तिला नाही. ती किलोमीटरच्या हिशोबात चालते. काचेच्या तंतूंच्या जुडीतून वळणावळणानं चित्र नेता येतं, हे १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि मोग्याला जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी दाखवलं. कपानींना पद्मविभूषण मिळालं ते २०२१ मध्ये, मरणोत्तर. जमिनीखाली राहून काम करणाऱ्या गोष्टींकडे आपलं लक्ष उशिरानंच जातं.

चर कुठून खणायचा, हा खरा प्रश्न होता. तात्यांनी ओटीवरून बोट दाखवून सरळ रेषा सांगितली. अप्पा प्रथमच मध्ये बोलले. "तात्या, त्या रेषेत जायफळीची मुळं आहेत. पुढे पाटाचं पाणी मुरतं, तिथं पावसात माती खचते. आणि खाली साळिंदर उकरतं." मग ते उठले आणि काठीनं रेघ ओढत निघाले. पाटाच्या वरच्या अंगानं, विहिरीला वळसा घालून, पाखाडीच्या कडेनं. रोज सकाळी शिंपणं करणाऱ्या माणसाला आगराच्या पोटात काय आहे ते माहीत असतं. ती रेघ दहा-बारा मीटरनी लांबली, पण चर खणताना एकही मूळ तोडावं लागलं नाही.

काम मे महिन्याच्या सुरुवातीला झालं. दोन फूट खोल चर, त्यात काळा एचडीपीई पाइप, उंदीर-घुशी आणि साळिंदर यांच्या दातांपासून केबल वाचावी म्हणून. पाइपात केबलीबरोबर एक नायलॉनची दोरी ओढून ठेवली. पुढेमागे दुसरी केबल घालायची झाली तर पुन्हा खणायला नको. केबल निवडताना मुलगी दुकानदाराशी भांडली. फायबरच्या बऱ्याच केबलींत आधाराला लोखंडी तार असते. ती घेतली तर काच वापरून काय मिळवलं? तिनं लोखंड नसलेली, चार तंतूंची केबल मागवून घेतली. दोन तंतू खालच्या घरात उतरवले आणि उरलेले दोन न तोडता तसेच पुढे खोल्यांपर्यंत नेले. खालच्या घरातली वीज गेली तरी खोल्यांचं अडू नये म्हणून. शेडकडे वेगळी केबल गेली. दोन खोल्या एकमेकींना लागून, मीटर एक, अर्थिंग एक, म्हणून त्यांच्या मध्ये मात्र तिनं साधी तांब्याची तार चालवून घेतली. प्रत्येक टोकाला मीडिया कन्व्हर्टर आणि लाइट गेल्यावर दोन-तीन तास तग धरेल असा छोटा यूपीएस. सगळ्या खर्चात सर्वांत जास्त पैसे गेले ते चराच्या मजुरीत.

शेवटच्या दिवशी तिनं सगळ्या डब्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. खोल्यांवर पाहुण्यांसाठी निराळं जाळं केलं, म्हणजे त्यांना घरातलं काही दिसू नये. शेजारशेजारच्या डब्यांना १, ६, ११ असे वेगळे चॅनेल वाटून दिले, २.४ गिगाहर्ट्झमध्ये हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. मग ती ओटीवर आली आणि थोरल्या घरातल्या नव्या डब्याची ताकद कमी करू लागली.

"हे काय?" तात्यांनी विचारलं. "माझ्याकडचं कमी का?"

"कुठल्या डब्याला धरायचं ते फोन ठरवतो, तात्या. वरचा डबा जोरात ऐकू येत राहिला तर खाली गेलेला माणूससुद्धा त्यालाच धरून बसतो आणि शेजारचा सोडून देतो. वरचा जरा हळू बोलला की खालचे फोन आपापल्या घरात राहतील."

तात्यांनी पत्नीकडे, माईंकडे, पाहिलं. माई स्वयंपाकघरात निघून गेल्या होत्या. हसू लपवायला, असं आळीत सांगतात.

त्या पावसाळ्यात खोल्यांवर नेट एकदाही अडलं नाही. सुनेनं बुकिंगच्या पानावर 'वायफाय आहे' हे शब्द जुलैच्या मुसळधार पावसात स्वतः तपासून मगच घातले. पुढच्या हंगामात शेडमधून पेट्यांचे फोटो थेट वाशीच्या व्यापाऱ्याला जाऊ लागले आणि भावाची बोलणी तिथंच उभ्याउभ्या होऊ लागली. परतीच्या पावसात वीज तात्यांच्याच एका माडावर पडली. माडाचा शेंडा जळाला, वीजमंडळाच्या तारेतून आलेल्या दाबानं शेडमधला एक अडॅप्टर गेला. बाकीची चारही छपरं चालू राहिली. तात्या हाक अजूनही मारतात. पण हल्ली जेवायला बोलवायचं असलं तर फोन करतात, आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत तो कानाला धरून ठेवतात.

तुमचंही आवार असं पसरलेलं असेल, एका जागेत दोन-चार घरं, गोठा, शेड, पाहुण्यांची खोली, तर पावसाळ्याआधी चर खणून घ्या, तांब्याची तार एका घरातून दुसऱ्या घरात नेऊ नका आणि केबलीत लोखंड नाही याची खात्री करा. पण दुकानात जाण्याआधी एक दिवस सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन बसा. तिथं राहणाऱ्या माणसाला काय अडतं ते विचारा, आणि तो सांगेपर्यंत मध्ये बोलू नका.